आत्याच्या केकमधली नळी आणि बाल्टिमोरची बेकरी

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीला आमच्या चुलतबहिणीचा साखरपुडा झाला. तीन मजली केक होता, पांढराशुभ्र, कडेने साखरेची मोगऱ्याची फुलं. फोटो झाले, केक कापला, प्लेटा फिरल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आत्याचा आवाज आला, "अगं बाई, ह्यात नळी आहे!" खरंच होती. शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षा जाड, पांढरी, प्लॅस्टिकची, तुकड्याच्या मधोमध उभी. आत्याने ती दोन बोटांत धरून चार जणांना दाखवली. "हल्ली लक्षच नसतं कामात. आत विसरून गेला बघ." यजमान ओशाळले आणि कुणीतरी केकवाल्या ताईंना फोन लावायला बाहेर गेलं.

कुणी काही विसरलेलं नव्हतं. तो केक संध्याकाळी पाचपासून साडेआठपर्यंत दिव्यांच्या उजेडात ताठ उभा होता, तो त्या नळीच्या आणि तिच्यासारख्या आणखी दहाबारा नळ्यांच्या जिवावर. चूक झाली असेल तर एवढीच, की कापणाऱ्याने त्या आधी उपसल्या नाहीत.

ही नळी काय करते हे आत्याला समजावताना माझ्या लक्षात आलं, की टीव्हीवर आणि मोबाईलवर आपण इतके केक बघतो, कुणी चप्पल कापतं आणि आतून स्पंज निघतो, पण ते उभे कसे राहतात हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख.

हे वेड आलं कुठून?

केकवरचे कार्यक्रम पूर्वीही होते, पण त्यात कृती असायची: इतका मैदा, इतकी साखर. ऑर्डरबरहुकूम केक बनवणाऱ्या एका बेकरीत कॅमेरा नेऊन ठेवायचा आणि तिथलं रोजचं काम दाखवायचं, हा प्रकार गाजवला तो 'एस ऑफ केक्स'ने. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या फूड नेटवर्कवर तो सुरू झाला आणि २०११ पर्यंत चालला. बेकरीचं नाव चार्म सिटी केक्स, गाव बाल्टिमोर. 'चार्म सिटी' हे बाल्टिमोरचंच लाडाचं नाव. रेमिंग्टन नावाच्या वस्तीत, एकेकाळी चर्च असलेल्या इमारतीत ही बेकरी होती.

मालक डफ गोल्डमन. टक्कल, हनुवटीवर दाढी, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा माणूस. रीतसर पाककलेचं शिक्षण घेतलेला, कॅलिफोर्नियातल्या नामांकित रेस्तराँमध्ये काम केलेला. २००२ साली त्याने बेकरी काढली आणि माणसं घेताना एक वेगळी गोष्ट केली. बेकर शोधण्याऐवजी त्याने कलाशाखेचे मित्रमैत्रिणी गोळा केले: चित्रं काढणारे, मातीकाम करणारे, मॉडेल बनवणारे. त्याचा हिशोब सरळ होता. स्पंज भाजायला शिकवता येतं, हात मात्र आधीपासून तयार लागतो. त्यामुळे पडद्यावर ओट्यावर रवी-फेटणीच्या शेजारी ड्रिल, करवत आणि ब्लोटॉर्च दिसायचे. हे कॅमेऱ्यासाठी मांडलेलं सामान आहे असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. पुढे वाचाल तेव्हा कळेल, की त्यातलं बहुतेक खरंच लागतं.

२००९ मध्ये टीएलसी या अमेरिकन वाहिनीवर 'केक बॉस' आला. त्यातली कार्लोज बेकरी न्यू जर्सीमधल्या होबोकेन गावची, १९१० साली स्थापन झालेली, १९६४ पासून वलास्त्रो कुटुंबाकडे. तिथे सगळा इटालियन घरचा गोतावळा, बहिणी, मेहुणे, भरपूर आरडाओरडा. बाल्टिमोरची मंडळी त्यामानाने शांत, एकमेकांना तिरकस बोलणारी. आपल्याकडे अनेकांनी आधी 'केक बॉस'च पाहिला, त्यामुळे असे केक म्हणजे भांडण असंच समीकरण डोक्यात बसलं. मला स्वतःला बाल्टिमोरवाले जास्त आवडतात. काम करताना ते गप्प असतात, म्हणून हात बघता येतात.

केकला स्वतःचं ओझं झेपत नाही

आता नळी.

स्पंज म्हणजे हवा भरलेला मैदा. बोटाने दाबला की दबतो, हीच तर त्याची खासियत. दहा इंच व्यासाचा, चारपाच इंच उंचीचा एक मजला क्रीम आणि वरच्या आवरणासकट सहज चारपाच किलो भरतो. तो दुसऱ्या स्पंजवर नुसता ठेवला तर पहिला तासभर काही होत नाही. मग खालच्याचं पोट बाहेर येतं, मधली क्रीम कडेने डोकावते, आणि वरचा मजला एका बाजूला कलतो.

जेवणाचा डबा आठवा. चार पुड्यांचा, उभा, कडीचा. वरच्या पुडीतल्या पोळ्यांचं ओझं खालच्या पुडीतल्या भाजीवर येतं का? नाही. ते खालच्या पुडीच्या काठावर येतं आणि काठावरून सरळ खाली उतरतं. भाजी आपली आत निवांत असते. मजल्यांचा केक नेमका असाच असतो, फक्त काठाऐवजी आत उभ्या नळ्या असतात. खालच्या मजल्यात वर्तुळात सहासात नळ्या खुपसायच्या, त्याच्या उंचीबरोबर कापायच्या. वरच्या मजल्याच्या बुडाशी पुठ्ठ्याची किंवा फळीची चकती असते, ती नळ्यांच्या टोकांवर टेकते. म्हणजे चकती हा स्लॅब, नळ्या हे कॉलम, आणि केक नुसता भाडेकरू. या आधारकाड्यांना कारागीर 'डॉवेल' म्हणतात. लाकडी असतात, प्लॅस्टिकच्या असतात. आमची बदलापूरची वहिनी घरून केक करते, ती बबल टीच्या जाड स्ट्रॉ वापरते.

नळ्यांची उंची एकसारखी हवी, हे वाचायला सोपं वाटतं. वहिनीला करताना बघितलं तेव्हा समजलं. पहिली नळी केकमध्ये घालायची, जिथे पृष्ठभाग येतो तिथे नखाने खूण करायची, बाहेर काढून कात्रीने कापायची, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच मापाने. प्रत्येक नळी केकमध्ये घालून वेगळी मोजली तर वरचा मजला डुगडुगतो, कारण केकचा माथा कधीच अगदी सपाट नसतो. तीन मिलिमीटरचा फरक तिसऱ्या मजल्यावर डोळ्याला दिसतो.

नळ्या ओझं खाली नेतात, पण गाडीने ब्रेक मारला तर मजले आडवे घसरतात. त्यासाठी सगळ्या चकत्यांना मधोमध भोक ठेवून वरपासून खालपर्यंत एकच काठी ठोकतात, टोक पेन्सिलसारखं तासून. आणि केक मजल्यांचा नसून ड्रॅगनचा किंवा गिटारचा असला, तर नळ्यांनी भागत नाही. मग प्लायवूडचा पाट, त्याला खालून नट-बोल्टने आवळलेली आटेदार सळई, कधी पीव्हीसी पाईप, वर आडव्या फळ्या. केकला लागणारा भाग खाण्यालायक आवरणात गुंडाळलेला. म्हणून ड्रिल आणि करवत. शाडूची मूर्ती करताना हात लांब असेल तर आत तार घालतातच की.

आकार येतो तो कुरमुऱ्याच्या लाडवाने

स्पंज कोरता येतो. फ्रिजमध्ये गार करून घट्ट केला की पावाच्या सुरीने त्याला उतार देता येतो, गोलाई देता येते. पण ड्रॅगनची मान किंवा बुटाची टाच स्पंजची केली तर तुटते. तिथे अमेरिकन बेकऱ्या फुगवलेल्या तांदळाचं एक मिश्रण वापरतात: तांदळाच्या कुरकुरीत लाह्या, वितळवलेला मार्शमेलो, थोडं लोणी. गरम असताना हाताला लोणी लावून दाबून वळायचं, गार झालं की घट्ट. आपल्या घरात याला कुरमुऱ्याचा लाडू म्हणतात आणि मार्शमेलोच्या जागी गुळाचा पाक असतो. तत्त्व एकच. हलका, टणक, हवा तसा वळणारा, आणि खाताही येणारा.

त्यावर आवरण. सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे फॉन्डंट: पिठीसाखर, ग्लुकोजचं सिरप, जिलेटिनसारखा बांधणारा पदार्थ आणि कोरडं पडू नये म्हणून ग्लिसरीन, असं मळलेलं साखरेचं पीठ. पुरणपोळी लाटतो तसं मोठं पातळ लाटायचं, लाटण्यावर गुंडाळून उचलायचं आणि केकवर पसरायचं. फाटलं तर पुन्हा. नाक, डोळे, बोटं अशा बारीक कामाला चॉकलेट आणि सिरप मळून केलेली लगदी वापरतात, कारण तिच्यावरचा सांधा बोटाच्या उबेने पुसता येतो.

२००७ मध्ये हॅरी पॉटरच्या पाचव्या चित्रपटाच्या लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या खेळासाठी चार्म सिटी केक्सने हॉगवर्ट्सचा किल्लाच करून दिला होता. बुरूज, सुळके, खिडक्या. मोठ्या इमारतीच्या केकमध्ये उंच बारीक सुळके कशाचे करायचे, हाच खरा प्रश्न असतो. केक तिथे पोचतच नाही.

"म्हणजे त्यात केक असतो तरी किती?"

आत्याचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता.

उत्तर ऑर्डरप्रमाणे बदलतं. मजल्यांच्या लग्नाच्या केकमध्ये जवळपास सगळा केकच असतो. मूर्तीसारख्या केकमध्ये धड केकचं, हातपाय-मान लाह्यांच्या मिश्रणाची, हाडं लाकडाची. आणि लग्नाच्या हॉलमध्ये दिसणारे सातआठ मजल्यांचे मनोरे? त्यातले खालचे बरेच मजले थर्माकोलचे असतात, वर फॉन्डंट चढवलेले. याला डमी म्हणतात. नवरानवरी कापतात तो एक मजला खरा, आणि पाहुण्यांच्या ताटात येतो तो स्वयंपाकघरात ट्रेमध्ये केलेला साधा चौकोनी केक. २०१८ च्या बंदीनंतर आपल्या गणपतीच्या मखरातून गेलेला थर्माकोल केकच्या पोटात मात्र ठाण मांडून बसला आहे.

मला यात फसवणूक वाटत नाही, आधी सांगितलं असेल तर. तीनशे माणसं असताना आठ मजले खरे केले तर निम्मा केक टाकावा लागेल. पण किलोवर पैसे घेऊन थर्माकोल तोलला असेल तर भांडायला माझी ना नाही.

"टीव्हीवरचं सगळं ठरवून केलेलंच ना?"

काही प्रमाणात, हो. पण लोकांना वाटतं त्या ठिकाणी नाही.

अर्ध्या तासाच्या अमेरिकन कार्यक्रमात जाहिराती वजा जाता सुमारे बावीस मिनिटं उरतात. आठवडाभराचं काम त्यात बसवायचं. म्हणून तीनचार केक एकात एक गुंफतात: एक भाजला जातोय, दुसऱ्यावर रंग चढतोय, तिसरा गाडीत. मध्येमध्ये माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. ते बोलणं नंतर, खुर्चीवर बसवून, प्रश्न विचारून घेतलेलं असतं. प्रश्न कापून टाकतात, उत्तर राहतं. कुठली ऑर्डर दाखवायची हेही निवडूनच. होबोकेनच्या दुकानात रोजची विक्री कनोली (गोड सारण भरलेल्या कुरकुरीत इटालियन नळ्या) आणि पापुद्र्याच्या पेस्ट्रीची, पण त्यावर भाग कोण बघणार? तेव्हा फुटबॉल मैदानाचा केक दिसतो, शंभरावा गोल पांढरा केक दिसत नाही. 'एस ऑफ केक्स'च्या निर्मात्यांत डफचा सख्खा भाऊ विली होता, हेही ध्यानात ठेवावं. घरातल्या माणसाने केलेलं चित्रण लोभस असणारच.

जे ठरवून करावं लागत नाही ते म्हणजे ताण. स्पर्धेच्या कार्यक्रमात घड्याळ लावावं लागतं, परीक्षक बसवावे लागतात, दर भागात कुणाला तरी घरी पाठवावं लागतं. इथे लग्नाची वेळच सगळं करते. शनिवारी पाचचा मुहूर्त असेल तर पाच म्हणजे पाच. केकची मान तुटली म्हणून कुणी अक्षता थांबवत नाही. म्हणून अशा भागांचा कळसाध्याय स्वयंपाकघरात नसून गाडीत असतो: मागे केक, पुढे खड्डा, आणि चालकाचे पांढरे पडलेले गाल. हे मात्र शंभर टक्के खरं. वहिनी केक कधीच कुणाच्या मांडीवर देत नाही, कारण मांडी उतरती असते. सीटवरही नाही, तीही मागे कललेली. डिकीच्या सपाट तळावर योगा मॅट, तिच्यावर खोका, आणि एसी निघण्याआधी अर्धा तास सुरू. बदलापूर ते ठाणे हा रस्ता तिला वळणांनी नव्हे, गतिरोधकांनी पाठ आहे.

आपल्या हवेत हे जमतं?

इथे जरा थांबायला हवं, कारण व्हिडिओ बघून घरी करायला गेलेल्यांची इथेच फजिती होते.

साखर हवेतलं पाणी ओढते. जुलैत डब्यातल्या पिठीसाखरेचे गोळे होतात ना, तसंच फॉन्डंटचं होतं: चकाकतो, चिकट होतो, मग ओघळतो. त्यात केक फ्रिजमधून काढला की थंड बाटलीवर येतं तसं दव त्याच्यावर जमतं. धंद्यातली मंडळी म्हणतात, केकला घाम आला. लोणी तर बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतंच. नागपूरच्या मे महिन्यात लोण्याची क्रीम घेऊन बाहेरच्या मांडवात जाणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

त्यामुळे आपल्याकडच्या कारागिरांनी वाट बदलली. आतल्या लेपासाठी गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीम एकत्र वितळवून गार केलेलं मिश्रण. चॉकलेट दुप्पट घातलं की ते इतकं घट्ट बसतं की कडा सुरीसारखी निघते. आपल्या बेकऱ्यांतली नेहमीची व्हिप क्रीम फॉन्डंटखाली चालत नाही, तिच्यातलं पाणी आवरण आतून विरघळवतं. पाहुण्याने फोटो दाखवून "असाच, पण फ्रेश क्रीममध्ये" म्हटलं की केकवाल्या ताई गप्प होतात, त्याचं कारण हे.

दुसरी वाट रॉयल आयसिंगची. पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेलं हे मिश्रण वाळलं की कडक होतं. ज्यांच्या घरी संक्रांतीला हलव्याचे दागिने झाले आहेत त्यांना साखरेचा मुकुट आणि बाजूबंद नवे नाहीत. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी याच प्रकारात नाव कमावलं, तेही अंड्याशिवायच्या, पूर्ण शाकाहारी आयसिंगमध्ये. २०२२ मध्ये त्यांच्या मिलानच्या कॅथेड्रलच्या सुमारे शंभर किलोच्या प्रतिकृतीची चर्चा झाली. त्या कमानी कोनातून आयसिंग सोडून सोडून केलेल्या, मेंदी काढावी तशा. फॉन्डंट गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी वेळखाऊ आहे.

"साखर-मैद्याचे एवढे पैसे?"

आपण केकवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, "किलोला काय भाव?" घोळ तिथेच सुरू होतो. अमेरिकेत लग्नाच्या केकचा दर माणशी सांगतात, इतक्या पाहुण्यांचे इतके डॉलर, आणि नक्षीकाम वेगळं. आपल्याकडे वजनाचा काटा. पण येवल्याची पैठणी कुणी वजनावर घेतं का? तिथे पदरावरचे मोर बघून, विणायला किती महिने लागले ते विचारून आपण मान डोलावतो. साखरेचं एक गुलाब करायला पंचवीसेक पाकळ्या लागतात. प्रत्येक पाकळी कापायची, कडेला पातळ करायची, चमच्यात वाळत ठेवायची. पाकळीला दोन मिनिटं धरली तरी एका गुलाबाला पन्नासेक मिनिटं, वाळण्याचा वेळ सोडून. असे दहा गुलाब म्हणजे एक आख्खा दिवस. त्यात मैदा पाव किलोसुद्धा वाढत नाही.

घरून काम करणाऱ्या बायका हा वेळ मोजतच नाहीत. अमेरिकेत त्यांच्यासाठी हिशोबाचं एक सॉफ्टवेअरच निघालं होतं, नाव केकबॉस. 'केक बॉस' या टीव्ही कार्यक्रमाच्या आधीपासूनचं. २०१० मध्ये त्या छोट्या कंपनीने नावावरून वाहिनीच्या मालकांना कोर्टात खेचलं, आणि प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं. केकचे पैसे मोजणारं यंत्र आधी आलं आणि केकचा तमाशा मागून, हे मला फार आवडतं.

"आणि चव?"

चव पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कार्यक्रम हात राखून बोलतात. खरं सांगायचं तर असा केक चवीत थोडी पडती बाजू घेतो. तो तासन्‌तास फ्रिजबाहेर उभा राहणार, म्हणून ताजी फळं आणि पातळ क्रीम बाद. कोरायचा आहे, म्हणून स्पंज घट्ट हवा. फॉन्डंट नुसताच गोड आणि चिवट. बहुतेक लोक तो केळ्याच्या सालीसारखा काढून बाजूला ठेवतात, आणि मी त्यांच्यातलीच एक. बदल्यात चांगल्या कारागिराच्या हातचा आतला केक आणि गनाश छान लागतो, कारण तिथे तो मनापासून चांगलं चॉकलेट घालतो.

राहिला कापायचा प्रश्न, कारण डोंबिवलीला गडबड तिथेच झाली. मजल्यांचा केक वरून खाली कापू नये. आधी मधली लांब काठी असेल तर ती वर ओढून काढायची. मग चकतीखाली सुरी सरकवून वरचा मजला अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. खालच्या मजल्यावर नळ्यांची गोल टोकं दिसतात, ती चिमटीत धरून एकेक उपसायची आणि मोजायची. किती घातल्या होत्या ते करणारीला आधीच विचारून ठेवलेलं बरं. मगच सुरी.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, डब्याचं उदाहरण देऊन. तिने नीट ऐकून घेतलं, नळी पदराच्या टोकाने पुसली, आणि पर्समध्ये टाकली. "शहाळ्याला होईल," म्हणाली.